उडी मारणाऱ्या कुत्र्याचा खांदा

गेल्या महिन्यात एका हायस्कूल शिक्षकांचे पत्र आले. पत्र म्हणजे मोबाईलवर आलेला मजकूर आणि सोबत दीड मिनिटाचे चित्रीकरण. त्यांचा मुलगा आठवीत आहे. परदेशातील कुत्र्यांच्या अडथळा शर्यती मोबाईलवर पाहून त्याने दिवाळीच्या सुट्टीत घराच्या गच्चीवर तसाच खेळ मांडला. विटांच्या दोन थप्प्यांच्या खाचेत नळाचा लोखंडी पाईप आडवा बसवला. जीपचा जुना टायर दोन खांबांना तारेने करकचून बांधला. एका फळीखाली दगड ठेवून चढउतार केला. ब्रूनो हा त्यांचा दहा महिन्यांचा लॅब्रेडॉर. तो हे सारे आनंदाने करतो, बिस्किटासाठी पुन्हा पुन्हा करतो. "पण अलीकडे सकाळी उठल्यावर तो चार पावले लंगडतो आणि मग नीट चालतो. काळजीचे काही नाही ना?" असा सरांचा प्रश्न होता.

चित्रीकरण मी तीन वेळा पाहिले. मुलाची कल्पकता खरोखर वाखाणण्यासारखी होती. पण त्या दीड मिनिटात काळजीच्या चार गोष्टी दिसल्या आणि त्यांतील एकही गोष्ट सरांना दिसली नव्हती. कुत्रा पडला नाही, ओरडला नाही, मग इजा कसली, असे कोणालाही वाटेल. म्हणून या आठवड्यात नेहमीचा गोचिडांचा विषय पुढे ढकलून या खेळाबद्दल लिहितो.

हा खेळ मूळचा इंग्लंडचा. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात १९७८ साली भरलेल्या 'क्रफ्ट्स' या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात, मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून तो प्रथम दाखवण्यात आला. आयोजकांपैकी जॉन व्हार्ली यांच्या सांगण्यावरून पीटर मीनवेल यांनी अडथळे रचले. कल्पना घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून सुचलेली होती. लोकांना खेळ इतका आवडला की १९८० मध्ये तेथील केनेल क्लबने त्याला अधिकृत मान्यता दिली. या खेळाला 'अ‍ॅजिलिटी' म्हणतात. मालक नुसता धावतो आणि हाताने व आवाजाने इशारे करतो. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसतो. आडव्या दांड्यांवरून उड्या, टायरमधून उडी, बोगदा, बारा काठ्यांच्या रांगेतून नागमोडी धाव, उंच अरुंद फळीवरून चाल, सी-सॉ आणि 'ए-फ्रेम' नावाचा उभा तिरका चढउतार, हे सारे ठरलेल्या क्रमाने, न चुकता, कमीत कमी वेळात पार करायचे असते.

कमीत कमी वेळात, या तीन शब्दांत सगळी गोम आहे. कुत्रा भिंतीवरून उडी मारतो तेव्हा आधी अंदाज घेतो, थांबतो, नको वाटले तर वळसा घालून जातो. शर्यतीत तो मालकाच्या इशाऱ्यावर, पूर्ण वेगात, पुढचा अडथळा कोणत्या बाजूला आहे हे कळण्याआधीच झेप घेतो आणि जमिनीवर उतरता उतरता वळतो.

अडथळ्याने हार मानली पाहिजे

सुरुवातीच्या काळात उडीची उंची अडीच फूट असे. टायर पक्क्या चौकटीत घट्ट असे. चढउताराच्या फळ्या रंगवलेल्या लाकडाच्या असत, त्यावर फार तर वाळू टाकलेला रंग. पावसात त्या निसरड्या होत. पुढच्या चाळीस वर्षांत या साहित्यात जे बदल झाले, ते बहुतेक कुत्र्यांना झालेल्या इजांमधून शिकून झाले आहेत.

टायरचेच पहा. पूर्ण वेगात आलेल्या कुत्र्याचा खांदा किंवा मागचा पाय घट्ट बांधलेल्या टायरच्या कडेला लागला तर टायर हलत नाही. कुत्रा हवेतच त्याभोवती फिरतो आणि पाठीवर किंवा मानेवर आपटतो. आता स्पर्धेतला टायर दोन तुकड्यांचा असतो. लोहचुंबकाने किंवा तत्सम जोडणीने ते तुकडे एकत्र धरलेले असतात आणि धक्का बसला की फाकतात. आडव्या दांडीचेही तेच. ती दोन्ही बाजूंना उथळ आधारावर नुसती टेकलेली असते आणि पाय लागताच खाली पडते. दांडी पडली तर गुण जातात, पण पाय वाचतो.

कापडी बोगद्याची गोष्ट याहून बोलकी आहे. एक आखूड पिंप आणि त्याला जोडलेली कापडाची लांब, जमिनीवर पसरलेली नळी असा हा अडथळा असे. कुत्रा आत शिरून डोक्याने कापड उचलत आंधळेपणाने धावत बाहेर येई. प्रेक्षकांना मजा वाटे. पण कापड ओले झाले की जड होई, वाऱ्याने पीळ पडे आणि वेगात आलेला कुत्रा त्यात गुरफटून कोलांटी खाई. अखेर अमेरिकन केनेल क्लबने २०१६ मध्ये हा अडथळा आपल्या स्पर्धांतून काढून टाकला. जो अडथळा सुधारता येत नाही तो काढून टाकावा, हा शहाणपणा मला फार आवडला. आपल्याकडे परेडच्या मैदानावर पेटत्या कड्यातून उडी मारणारा कुत्रा पाहून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा ते कडे कशाला बांधले आहे हे कोणी विचारत नाही.

नागमोडी काठ्यांमधले अंतर पूर्वी वीस-एकवीस इंच असे. आता ते साधारण दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर ठेवतात, कारण मोठ्या कुत्र्याला कमी अंतरात पाठीचा कणा फार पिळावा लागतो. चढउताराच्या फळ्यांवर रबराच्या बारीक कणांचा थर आला. गोल बोगदा घरंगळू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावतात. सी-सॉची फळी धाडकन आपटू नये आणि फार हळूही पडू नये, म्हणून टोकाजवळ एक किलोचे वजन ठेवून ती किती सेकंदांत खाली येते ते मोजतात. मोठ्या कुत्र्यांसाठी उडीची उंची ब्रिटनमध्ये आता ६० सेंटिमीटर आहे. आमच्या आठवीतल्या मुलाने पाईप आपल्या कमरेएवढा उंच लावला होता. म्हणजे नकळत तो १९७८ सालातच होता.

इजा कोठे होते

पाहणाऱ्याला भीती वाटते ती ए-फ्रेमची, कारण ती साडेपाच फूट उंच असते. प्रत्यक्षात काय घडते? २०१३ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या नियतकालिकात एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या देशांतील सुमारे ३,८०० कुत्र्यांच्या मालकांनी तिच्यात माहिती दिली होती. जवळजवळ ३२ टक्के कुत्र्यांना या खेळात एकदा तरी इजा झाली होती. सर्वाधिक इजा खांद्याला, त्याखालोखाल पाठीला. आणि अडथळ्यांमध्ये पहिला क्रमांक साध्या आडव्या दांडीच्या उडीचा होता, त्यानंतर ए-फ्रेम आणि उंच फळी. इजा बहुतेक स्नायू ताणणे, मुरगळणे, मुका मार अशा होत्या. मोडलेली हाडे थोडी.

ही माहिती मालकांनी सांगितलेली आहे, डॉक्टरांनी तपासलेली नाही, हे लक्षात ठेवावे. शिवाय एका फेरीत ए-फ्रेम एकच असते आणि दांड्या पंधरा-सोळा असू शकतात, त्यामुळे दांडीचा आकडा फुगणारच. तरीही तिने माझ्या डोक्यातील एक समजूत बदलली. इजा एका भयंकर उडीत होते असे मी मानत होतो. ती बहुतेक वेळा शंभर साध्या उड्यांत साठत जाते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. एकदा इजा झालेल्या कुत्र्याला पुन्हा इजा होण्याचा धोका जास्त होता आणि नवख्या मालकाच्या कुत्र्यालाही.

खांदाच का, हे समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्याच्या शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. माणसाचा हात गळ्याजवळच्या हाडाने छातीला जोडलेला असतो. कुत्र्याला ते हाड जवळजवळ नसतेच. त्याचा पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला असतो, पाळण्याला दोऱ्या असाव्यात तसा. दांडीवरून उडी मारून कुत्रा पुढच्या पायांवर उतरतो तेव्हा तेथे शरीराच्या वजनाच्या चौपटीच्या घरात जोर येतो. तीस किलोच्या लॅब्रेडॉरचा हिशेब आपणच करावा. हा सारा जोर त्या दोऱ्या झेलतात आणि उतरतानाच वळायचे असेल तर त्या तिरक्या ताणल्या जातात. म्हणूनच अशा कुत्र्याचा एक्स-रे काढला तर तो पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो. हाड ठीक असते, दोरी उसवलेली असते.

ए-फ्रेमबाबत न राहवून एक गोष्ट सांगतो. चढ कमी केला तर पुढच्या पायाचे मनगट कमी दुमडेल, असे सर्वांना वाटत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चढाचा कोन कमी करून प्रत्यक्ष मोजमाप केले, तर मनगट पूर्वीइतकेच मागे वाकत होते. उंची कमी केली की काम झाले, असे नसते. उंची कमी झाली की कुत्रा जास्त वेगाने येतो, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पायाच्या बोटांविषयीही लिहिले पाहिजे, कारण त्याचा आपल्याकडे थेट संबंध आहे. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने, जमिनीपासून वर, एक अंगठा असतो. पिल्लू विकणारे अनेक जण तो निरुपयोगी म्हणून लहानपणीच कापून टाकतात किंवा आम्हाला कापायला सांगतात. वेगात वळताना कुत्रा हा अंगठा जमिनीत रोवतो आणि पायाला पीळ पडू देत नाही. २०१८ च्याच एका पाहणीत हा अंगठा नसलेल्या कुत्र्यांमध्ये बोटांच्या इजा अधिक दिसल्या. वाढलेली नखे असलेल्यांमध्येही तसेच. जखम किंवा गाठ नसताना तो कापण्यास मी अलीकडे नकार देतो. पूर्वी कापत असे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका शेतमळ्यावरची लॅब्रेडॉर कुत्री माझ्याकडे आणली होती. मळ्याच्या बांधावरून, कुंपणाच्या भिंतीवरून उड्या मारणे हा तिचा रोजचा उद्योग. मागचा डावा पाय ती किंचित हलका टेकत होती. मी पाय हलवून पाहिला. तिने हूं की चूं केले नाही. मी वेदनाशामक इंजेक्शन दिले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि "दोन-तीन दिवस फिरवू नका" एवढेच सांगितले. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, एकदम बरी झाली, पळायला लागली." मला समाधान वाटले. दहाव्या दिवशी ती तीन पायांवर चालत आली. गुडघ्यातील जे लिगामेंट अर्धवट फाटले होते ते पूर्ण तुटले होते. शस्त्रक्रियेसाठी तिला पुण्याला न्यावे लागले आणि पुढे त्या गुडघ्याला संधिवात जडला तो जडलाच.

गोळीने दुखणे थांबले, फाटणे थांबले नाही. उलट दुखणे हाच जो काय लगाम होता तो मी काढून घेतला. सहा आठवडे पट्ट्यावर ठेवा, हे सांगायला मला एक मिनिट लागले असते. तेव्हापासून लंगडणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला औषधाच्या चिठ्ठीवर गोळीच्या आधी विश्रांतीचे दिवस लिहून देतो. येथेच सांगतो, घरातील अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. माणसांच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कुत्रा दुखणे लपवतो, असे आपण म्हणतो. खरे तर तो सांगत असतो, पण त्याची भाषा ओरडण्याची नसते. कुत्र्याला पट्टा सैल धरून सरळ, सपाट रस्त्यावर दुडक्या चालीने चालवा आणि दुसऱ्या कोणाला समोरून मोबाईलवर चित्रीकरण करू द्या. मग ते हळू गतीने पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना कुत्रा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली येते. याशिवाय, नेहमी उडी मारणारा कुत्रा दांडीच्या खालून जाऊ लागणे, दांड्या अचानक पाडू लागणे, एकाच बाजूला वळायला कुरकुर करणे, जीपमध्ये किंवा पलंगावर चढताना क्षणभर थबकणे, एकाच पायाचे मनगट चाटत बसणे. अशा वेळी "आळशी झाला", "ऐकत नाही" म्हणून रागावतात. आणि झोपेतून उठल्यावर लंगडून चार पावलांनी नीट चालणे, जे ब्रूनोचे होते, ते तर हमखास तपासण्याचे लक्षण आहे.

ब्रूनोची तपासणी

मी सरांना कुत्र्याला घेऊन यायला सांगितले. बापलेक दोघेही आले. दहा महिन्यांच्या लॅब्रेडॉरने पुढच्या पायाने लंगडणे म्हटले की आमच्या मनात पहिली शंका येते ती कोपराच्या सांध्याच्या उपजत दोषाची. या जातीत तो बराच आढळतो आणि त्याचा उड्यांशी संबंध नसतो. म्हणून दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले. ते ठीक निघाले. पण उजवा पुढचा पाय मागे पुढे ताणताना, खांदा पूर्ण उघडला की ब्रूनो मान वळवून माझ्या हाताकडे पाहत होता. एवढेच. ओठ चाटले, बस्स. स्नायूचा ताण, असे निदान केले.

एक्स-रेमध्ये मुलाला मी आणखी एक गोष्ट दाखवली. हाडांच्या टोकांजवळ बारीक काळ्या रेषा दिसत होत्या. हाडे तेथून वाढतात. त्या जागा कूर्चेच्या, म्हणजे मऊ असतात आणि मोठ्या जातींत सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास भरून येतात. तोपर्यंत वारंवार आपटीचा भार त्यांनी सोसायचा नसतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये दीड वर्षाखालील आणि अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत पंधरा महिन्यांखालील कुत्र्याला उतरता येत नाही. मुलाने विचारले, "मग काका, खेळच बंद?"

बंद नाही, असे मी म्हणालो. सहा आठवडे फक्त पट्ट्यावर चालणे, दिवसातून तीन वेळा, पहिल्या आठवड्यात दहा दहा मिनिटे. गच्चीचा जिना बंद, उचलून नेणेही नको, कारण गच्ची हाच मुळात प्रश्न होता. कोब्यावर कुत्र्याची नखे रुतत नाहीत. वळताना पाय घसरतो आणि खांद्याचे स्नायू त्याला सावरायला धडपडतात. चित्रीकरणात टायरपेक्षा मला ते जास्त खटकले. पुढे खेळायचे तर मागच्या मोकळ्या मातीवर, दगड वेचून, सकाळी ऊन चढण्याआधी.

पाईप काढून टाकायचा. त्याजागी बांबूची हलकी काठी, दीड वर्षाचा होईपर्यंत जमिनीवरच ठेवलेली, फार तर विटेच्या जाडीएवढी वर. ब्रूनोने तिच्यावरून चालत जायचे, उडी नाही. इशारे, थांबणे, वळणे, बोगदा हे सारे शिकवता येते आणि खेळातले खरे कौशल्य तेच आहे. टायर तर भंगारातच जायला हवा. तो घट्ट बांधलेला होताच, शिवाय त्याचे भोक मोठ्या कुत्र्याला अपुरे होते. स्पर्धेत ते दीड फुटाहून कमी नसते. खेळण्याआधी पाच-सात मिनिटे पट्ट्यावर भरभर चालवायचे, दोन्ही बाजूंना गोल फिरवायचे आणि मग सुरुवात. एका वेळी दहा मिनिटे. बिस्किटे मोजून, कारण ब्रूनोचे वजन त्याच्या वयाला तीन किलो जास्त भरले आणि ते तीन किलो प्रत्येक उडीला चौपट होऊन खांद्यावर उतरत होते. हे ऐकून सरांनी मुलाकडे नाही, तर स्वतःच्या पिशवीतल्या ग्लुकोजच्या पुड्याकडे पाहिले. बिस्किटे कोण देत होते ते मला कळले.

मुलगा गणितात हुशार आहे. त्याने एक वही केली आहे. रोज सकाळी ब्रूनो उठल्यावर पहिली दहा पावले तो मोजतो आणि लंगडला की नाही ते लिहितो. सर ते पान मला मोबाईलवर पाठवतात. येत्या शनिवारी तीन आठवडे पुरे होतील आणि मी त्याला पुन्हा तपासणार आहे. वहीत गेले अकरा दिवस "नाही" असे आहे. फक्त मंगळवारी, मांजरामागे सुटल्यानंतर, "थोडा" असे लिहून पुढे कंसात मांजराचा रंग लिहिला आहे.